भिंतीवर लावलेली बाग

गच्चीचं दार लोटलं, तर कपड्यांच्या तारेवर बाग वाळत घातलेली. अर्धी तारेच्या इकडे, अर्धी तिकडे, वर प्लास्टिकचे चिमटे. होळी जवळ आली होती. उमरखेडचं दुपारचं ऊन तेव्हाच डोळ्यांना झोंबायला लागतं. मी आधी चिमटे काढले, मग दोन्ही हातांवर झेलत ती जिन्याच्या सावलीत आणली. कापड चांगलंच तापलं होतं.

देवकाका माझ्या मागून जिना चढत होते. त्यांना धाप लागली होती.

"काका, ही वर कोणी आणली?"

"मीच. राहू द्या तिथंच."

"धुतली का?"

"नाही हो, कोरडीच आहे."

"मग उन्हात कशासाठी?"

त्यांनी खाली पडलेला एक चिमटा उचलून खिशात टाकला.

बाग म्हणजे काय, ते आधी सांगते. पंजाबात बायका घरच्या जाड्याभरड्या सुती कापडावर रेशमानं भरायच्या. त्या भरतकामाला फुलकारी म्हणतात. डोक्यावरून पांघरायचं मोठं वस्त्र असतं ते. रेशमाच्या धाग्याला पीळ दिलेला नसतो, म्हणून तो भलता चमकतो आणि तितकाच नाजूक असतो. टाके उलट्या बाजूनं, कापडाचे धागे मोजत घालतात. भरता भरता खालचं कापड दिसेनासं झालं, नुसतं रेशीमच दिसायला लागलं, की त्या फुलकारीला बाग म्हणायचं. एकेका बागेवर वर्ष जायचं. घरात मुलगी जन्मली की आजी तिच्या लग्नासाठी कापड घेऊन बसायची.

ही बाग सोनेरी पिवळ्या चौकटींची होती, मधल्या चौकटी राणी रंगाच्या. सावलीत नीट पसरली तेव्हा लक्षात आलं. तारेवर जी बाजू उन्हाकडे होती, तिथला राणी रंग विटला होता. दुसऱ्या बाजूला तो होता तसाच होता. मधे तारेची सरळ रेघ उमटली होती. म्हणजे हे एका दिवसाचं काम नव्हतं.

मी यवतमाळात इंटिरियरची कामं करते. मूळची घाटंजीची. माझी बहुतेक कामं म्हणजे मॉड्युलर किचन, दवाखान्याचं रिसेप्शन, कुठल्या ऑफिसची केबिन. शिकत असताना एका संग्रहालयाच्या कापड विभागात काही महिने उमेदवारी केली होती. ते ज्ञान जिल्ह्यात कोणाला लागेल असं कधी वाटलं नव्हतं. उमरखेडच्या एका डेंटिस्टचा दवाखाना मी केला होता. देवकाका त्यांचे पेशंट. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी जुन्या कापडांचा विषय काढला आणि डॉक्टरांनी माझा नंबर दिला.

मनोहर देव हे त्यांचं पूर्ण नाव. नोकरीची पहिली काही वर्षं ते पंजाबात, धान्याच्या सरकारी गोदामात होते. तिथं घरमालकाच्या मुलीशी लग्न केलं. ते तिच्या घरी कोणाला पसंत नव्हतं. मग बदली घेऊन इकडे आले. अकोला, पुसद, भाड्याच्या खोल्या, शेवटी उमरखेडला स्वतःचं घर. मूलबाळ झालं नाही. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं नाव सुरिंदर. लग्नात ते सुरेखा झालं, आणि गल्लीत कोणाला दुसरं नाव असल्याचं ठाऊकही नव्हतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा हॉलमध्ये टीव्ही चालू होता, पण आवाज बंद.

"बंद केला तर घर फारच गप्प होतं," काका म्हणाले, "आणि आवाज ऐकवत नाही."

पलंगाखालची पत्र्याची पेटी आम्ही दोघांनी मिळून ओढली. आत मलमलीत गुंडाळलेल्या तीन फुलकाऱ्या निघाल्या. एक ही बाग. दुसरी नवरीची, लाल कापडावर पिवळ्या भरतीची, दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी. तिसरी चित्रांची. तिच्यात आगगाडी होती, जात्यावर बसलेली बाई होती, पहिलवान, शेळ्या आणि एक साप होता. कापूर, सुकलेला कडुनिंबाचा पाला आणि घड्यांचे खोल वळ. रंग मात्र कालच भरल्यासारखे.

"या कधी बाहेर लावलेल्या दिसत नाहीत," मी म्हटलं.

"दर उन्हाळ्यात सुरेखा पेटी उघडायची. पाला बदलायची. मी ऑफिसात असायचो." मग म्हणाले, "तिची बहीण येणार आहे. नांदेडला गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला येतात ते लोक. तिथून गाडी करून इकडे येईल. त्याच्या आधी हे हॉलमध्ये लागलं पाहिजे. आणि एक आहे. आत्ता लावल्यासारखं दिसायला नको. कायमच इथं होतं, असं वाटायला पाहिजे."

मी मान डोलावली. मासिकातले फोटो पाहून क्लायंट असं बोलतात. मला वाटलं, त्यातलंच काही असेल.

काम असं ठरलं. जुनं रेशीम भिंतीवर टांगायचं तर खिळे चालत नाहीत, गोंद चालत नाही. मागच्या बाजूनं वरच्या कडेला सुती पट्टीची बाही शिवायची, तिच्यातून लाकडी पट्टी घालायची आणि ती भिंतीला बसवायची. म्हणजे वजन सगळ्या कापडावर सारखं पडतं. बाही शिवायचं काम मी स्वतः करत होते. पट्ट्या करायला पुसदचे रहीमभाई सुतार होते.

"मॅडम, चार खिळे ठोकले त लागून जाते," ते म्हणाले. "एवढी झंझट कायले?"

"खिळ्यापाशी सगळं वजन येते ना, रहीमभाई. रेशीम तिथूनच फाटते."

"मंग पट्टी सागाची करू?"

"करा. पण लाकूड उघडं नका ठेवू. मी मांजरपाट आणलंय, ते गुंडाळा. लाकडाचा डाग पडते."

भिंतही विचार करून निवडली. खिडकी ज्या भिंतीत आहे तीच भिंत. तिच्यावर थेट ऊन कधीच पडत नाही. काचेला फिल्म लावली, पिवळे बल्ब काढून मंद एलईडी घातले. घड्या बसवायला फुलकाऱ्या आतल्या पलंगावर उलगडून ठेवल्या, वर स्वच्छ चादर. "काका, यांना हात लावू नका," एवढं सांगून मी यवतमाळला गेले. परत आले तेव्हा पलंगावर बाग नव्हती, म्हणून ती शोधत सरळ गच्चीवर गेले.

खाली आल्यावर मी बाग पलंगावर पसरली. काका दारात उभे राहिले.

"हा रंग आता परत येणार नाही," मी म्हटलं.

"मग झालं की. जुनी दिसायला लागली."

"ती जुनीच आहे, काका. तुमच्या सासूबाईंच्या आईच्या हातची. तिला आणखी जुनी कशाला करायची?"

ते पलंगाच्या कडेवर बसले.

"सुरेखाचा बहिणीला दर रविवारी फोन असायचा," मग ते सांगायला लागले. "घरात लँडलाइन आली तेव्हापासून. मी इथं पेपर वाचत बसलेलो असायचो, ती हॉलमध्ये बोलायची. पंजाबी मला बोलता येत नाही नीट, पण समजतं. ती सांगायची, सगळ्या फुलकाऱ्या दिवाणखान्यात लावल्या आहेत. येणारा जाणारा बघत उभा राहतो. आज बँकेचे मॅनेजर आले होते, त्यांच्या बायकोनं किती कौतुक केलं, असं काय काय."

"आणि फुलकाऱ्या पेटीत?"

"पेटीत."

"तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मला वाटलं, बायकांचं बोलणं. पुढे मी तिला मोठा फोन आणून दिला, बहिणीला चेहरा दिसेल म्हणून. तो तिनं खोक्यातच ठेवला. साधा बटणांचा फोन शेवटपर्यंत सोडला नाही. काहून सोडला नाही, ते मला ती गेल्यावर कळलं. चेहऱ्यामागं भिंत दिसली असती ना."

काकांनी पलंगावरच्या बागेकडे पाहिलं.

"आता ती बहीण येणार. हे रंग असे टवटवीत पाहिले की तिला लगेच समजणार, हे कधी भिंतीवर नव्हतंच. तिच्या आईनंही आयुष्यभर हेच भरलेलं. सुरेखाचं बोलणं खोटं पडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही कारागीर आहात. तुम्हीच सांगा, ऊन नाही तर दुसरं काय करायचं?"

असलं काम मला कोणी सांगितलं नव्हतं. नवं फर्निचर जुनं दाखवायची युक्ती असते, ती आम्ही सर्रास करतो. इथं खरोखरीची जुनी वस्तू होती आणि ती सांभाळून ठेवल्याचा पुरावाच पुसायचा होता.

"काका, उन्हात घालणार असाल तर मी काम सोडते," मी म्हटलं. "राग मानू नका. पण हे माझ्या हातून होणार नाही."

"सोडून जाल?"

"जाईन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते जा म्हणतील. पण ते उठले, बागेची एक कड हातात घेतली आणि विटलेल्या राणी रंगावरून अंगठा फिरवला.

"घड्या तरी जातील का?"

"पुष्कळशा जातील. आणि रंगाचं म्हणाल तर नीट सावलीत लावलेली फुलकारी बरीच वर्षं टिकते. तसं सांगता येईल."

शेवटचं वाक्य मी का बोलले, मला माहीत नाही. ते चुकीचं नव्हतं, पण त्यांच्या कामाला येईल असंच होतं. अशा रीतीनं मीही त्यात सामील झाले.

पुढचे दिवस मी येऊन जाऊन काम केलं. दुपारी काकांचा डबा यायचा, माझा मी आणायची. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसून जेवायचो.

"तुमच्या घरी कोण कोण?" एकदा त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. आई होती, ती गेली."

"हं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजी माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळच्या एसटीनं परत निघायची. पुसदच्या पुढे घाटात पळस फुलला होता, सगळी उतरण केशरी. शेजारी कोणी ओळखीचं बसलेलं असतं तर म्हटलं असतं, बघ. तेवढ्यासाठी फोन कोणाला करायचा?

बहीण ज्या दिवशी येणार, त्या दिवशी काकांनी मला बोलावून घेतलं. "काही विचारलं तर तुम्ही सांगा," म्हणाले. खरं तर त्यांना एकट्याला दार उघडायचं नव्हतं. सकाळपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

बलबीर कौर दुपारी आल्या. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, हातात काठी. ड्रायव्हर बाहेर गाडीतच थांबला. उंबऱ्यात त्यांनी काकांकडे पाहिलं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते.

"बूढ़े हो गए, जीजाजी."

"आप भी, बीरो बहनजी."

त्या हसल्या आणि आत आल्या. हॉलच्या मधोमध थांबल्या. चहा नको म्हणाल्या, बसायलाही नको म्हणाल्या. आधी नवरीच्या फुलकारीकडे पाहिलं, मग चित्रांच्या. शेवटी काठी टेकत बागेपाशी गेल्या. विटलेल्या अर्ध्या भागावर त्यांचं बोट थांबलं.

"धूप लगी है."

"हां, इतने साल से लगी हुई है ना," काका म्हणाले. "खिड़की से आती है." वाक्य पाठ केलेलं होतं.

बलबीरजींनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी त्याच भिंतीत. तिचं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं. ती भिंत मीच निवडली होती. त्यांनी बागेची खालची कड उचलली, उलट बाजूचे टाके पाहिले आणि कड नाकापाशी नेली.

"कपूर," त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली.

"जीजाजी, छिंदो फोन पे मुझसे क्या पूछती थी, पता है?" छिंदो हे काकूंचं माहेरचं लाडाचं नाव. मी ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि काकांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही फार दिवसांनी ऐकलं. "पूछती थी, बीरो, पेटी में कपूर कितना डालूं? नीम के पत्ते कब बदलूं? जिसकी फुलकारी दीवार पे लगी हो, वो पेटी का कपूर क्यों पूछेगी?"

"मतलब आपको मालूम था."

"शुरू से."

"फिर आपने कभी टोका नहीं उसे?"

"क्यों टोकती? मैं तो हर इतवार ख़ुद पूछती थी, बता, दीवार पे कैसी लग रही हैं? वो बताती थी. कभी इस दीवार पे, कभी उस दीवार पे. पर्दे कौन से रंग के लिए. कौन आया, किसने क्या कहा. उसे अच्छा लगता था, मुझे भी." त्या आता सोफ्यावर बसल्या. "हम दोनों ने मिलके बहुत सजाया ये घर."

मी त्या हॉलचे तीन लेआउट काढले होते. त्यांनी किती काढले असतील, देव जाणे.

"मेरे बारे में भी कुछ बताती थी?" काकांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

बलबीरजी जरा थांबल्या. सांगू की नको, असं त्यांच्या मनात आलं असावं.

"कहती थी, आपने अपने हाथ से कीलें ठोकीं. और शाम को ऑफ़िस से आके पहले उसी के सामने खड़े होते हो. फिर जूते उतारते हो."

काका उठले आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला. आम्ही दोघी बसून राहिलो.

मग बलबीरजींनी मला काठीनं चित्रांची फुलकारी दाखवली. कोपऱ्यातल्या एका शेळीला पाच पाय होते. ती त्यांनी लहानपणी भरली होती. आजीनं उसवायला सांगितलं, तर छिंदोनं उसवू दिली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा ती शेळी सोबत घेऊन आली.

काका तोंड पुसत बाहेर आले. म्हणाले, "सब आप ले जाइए. आपके घर में इनकी क़दर होगी."

"मेरे घर में कौन है?" बलबीरजी म्हणाल्या. "बच्चे बाहर हैं. मैं भी पेटी में ही रखूंगी. यहां लग गई हैं, तो लगी रहने दो."

उन्हं उतरायच्या आत त्यांना नांदेड गाठायचं होतं. निघताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. पुन्हा येते असं म्हणाल्या नाहीत. गाडी कोपऱ्यावर वळली तरी काका फाटकातच उभे होते.

आत आल्यावर ते भिंतीसमोर गेले.

"चाळीस वर्षं मला वाटलं, आम्ही एका घरात राहतो," ते म्हणाले. "ती तर दुसऱ्याच घरात राहत होती. तिथं मी बरा माणूस होतो, नाही का?"

मी माझी सुईदोऱ्याची डबी आवरली. एसटीची वेळ झाली होती. त्यांनीच म्हटलं, निघा तुम्ही. फाटकाबाहेर आल्यावर मागे पाहिलं, तर खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. टीव्ही त्या दिवशी चालू नव्हता.

जुनं कापड बारा महिने भिंतीवर ठेवत नाहीत. पावसाळ्यात ओल धरते, म्हणून उतरवून नळीवर गुंडाळायचं आणि हवा कोरडी झाली की पुन्हा लावायचं. त्या कामासाठी मी जुलैत गेले. काकांनी दोन फुलकाऱ्या उतरवू दिल्या. बाग नाही.

"राहू द्या ती. विटली तर आहेच."

"बुरशी लागेल, काका."

"मी रोज बघतो ना. लागली तर फोन करीन."

तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. काकांनी त्याला पाणी दिलं आणि भिंतीकडे हात केला.

"ही बघितली का?"

त्यानं मान वर केली. "मस्त आहे, काका. पण चादर भिंतीले काहून लावली?"

"चादर नाही ती. बायकोच्या आजीनं भरलेली आहे. बस जरा, सांगतो."

"दुसरे सिलिंडर टाकायचे आहेत, काका." तो पावती देऊन निघून गेला. काकांनी पावती टीव्हीवर ठेवली, मग माझ्याकडे वळून त्यांनी बागेतल्या चौकटी कशा मोजून भरतात ते सांगायला सुरुवात केली. ते सगळं मीच त्यांना सांगितलेलं होतं. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी परतीची एसटी मी पुढची धरली.

तेव्हापासून माझ्या कामात एक बदल झाला आहे. कोणी घर सजवायला बोलावलं की मी आधी बजेट विचारत नाही. विचारते, या खोलीत संध्याकाळी कोण बसतं, आणि कोणाशी बोलतं? लोकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. काहींना तर उत्तर द्यायला वेळ लागतो. तिथं मी भिंतीचं माप नंतर घेते. आधी चहा घेते.